अपघात कशाला म्हणायचे?



दोन वर्षांपूर्वी आपल्या सभागृहाच्या स्लॅबचे काम चालू होते. पावसाळा तोंडावर आला होता. सळया वेळेवर आल्या नाहीत तर काम थेट दिवाळीनंतर जाणार, या चिंतेने मी पुरवठादाराला दिवसातून तीन-तीनदा फोन करीत होतो. शेवटी जरा आवाज चढवूनच म्हणालो, “उद्या सकाळी सातला माल दारात हवा. कसा आणायचा ते तुमचे तुम्ही बघा.”

माल आला. सातच्याही आधी, पावणेसहालाच आला. जालन्याहून निघालेला तो ट्रक रात्रभर नाशिक, कसारा घाट, भिवंडी करीत वसईला पोहोचला होता. सळयांची टोके मागे हातभर बाहेर आलेली आणि त्यांना लाल फडके बांधलेले. चालक खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे तांबारले होते. चहा देताना मी विचारले, “भाऊ, झोप कधी झाली?” तो हसून म्हणाला, “झोपेचं काय घेऊन बसलात साहेब. परवा रात्री नागपूरहून आलो, काल दुपारी गाडी भरली, अंधार पडायला निघालो. शेठ म्हणाले, चर्चचं काम आहे, उशीर चालणार नाही.”

मी त्याला पंखा असलेली खोली दिली, न्याहारी दिली आणि आपण एक भले काम केले अशा समाधानात सकाळच्या मिस्सेला गेलो. स्लॅब वेळेवर भरला गेला. गोष्ट मी विसरूनही गेलो.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण मला भेटायला आला आणि ती गोष्ट पुन्हा आठवली. (हे बोलणे पापनिवेदनातले नाही. आम्ही व्हरांड्यात बसून बोललो. त्याच्या परवानगीने, काही तपशील बदलून लिहीत आहे.) तो पाण्याच्या टँकरवर चालक होता. पगार फेऱ्यांवर, जितक्या फेऱ्या तितके पैसे. टँकरचा डाव्या बाजूचा आरसा फुटून पंधरा दिवस झाले होते. मालकाला सांगितले तर मालक म्हणाला, “महिनाअखेरीला बघू.” एका संध्याकाळी, दिवसातल्या अकराव्या फेरीला, डावीकडे वळण घेताना एक सायकलस्वार मागच्या चाकाखाली आला. माणूस वाचला, पण पाय मांडीपासून काढावा लागला.

त्या तरुणाने मला एवढेच विचारले, “फादर, हा अपघात होता, की मी केलेलं पाप होतं?”

दैवाचा भाग किती?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही एक प्रश्न अभ्यासला होता. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी ‘नैतिक दैव’ या विषयावर निबंध सादर केले. उदाहरणासाठी दोघांनाही ट्रकचालकच सुचावा, हे लक्षात राहण्यासारखे आहे.

विल्यम्सचा चालक पूर्ण निर्दोष आहे. तो नीट गाडी चालवीत असताना एक मूल अचानक चाकाखाली येते. लोक त्याला सांगतात, तुझी चूक नव्हती, आणि ते खरेच असते. तरीही तो चालक बघ्यांसारखा हळहळून घरी जाऊ शकत नाही. ‘हे माझ्या हातून घडले’ ही बोच त्याला राहते आणि ती राहिली नाही तर तो माणूस आपल्याला विचित्र वाटेल.

नेगलच्या चालकाने मात्र थोडा हलगर्जीपणा केला आहे. त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. त्यामुळे मूल चाकाखाली आले तर तो आयुष्यभर स्वतःला दोषी मानतो. पण त्या दिवशी रस्त्यावर मूल आलेच नसते तर? हलगर्जीपणा तितकाच असता. फरक पडला तो मूल धावण्या-न धावण्याचा, आणि ते काही त्याच्या हाती नव्हते.

आता सांगा, माझ्यात आणि त्या टँकरवाल्या तरुणात फरक कोणता? फुटका आरसा घेऊन तो फिरला. मी एका जागरणाने थकलेल्या माणसाला रात्री घाट उतरायला लावले. त्याच्या वाटेत सायकलस्वार आला, माझ्या सळयांच्या मागे कोणी मोटारसायकलवाला आला नाही. मला झोप लागली आणि त्याला लागत नाही, एवढाच तो फरक. पुण्यापेक्षा त्यात योगायोगाचा वाटा मोठा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आधी काय काय घडते

‘ब्रेक फेल झाले’ असे आपण पेपरात नेहमी वाचतो. जणू ब्रेकने स्वतःच ठरवून विश्वासघात केला. प्रत्यक्षात ब्रेक एकाएकी क्वचितच जातात. भरलेली अवजड गाडी लांब उतारावर वेग धरते. चालकाने खालचा गिअर टाकला तर इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरचा ताण कमी होतो. पण डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल केली, की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, पायाखालचा ब्रेक नुसता दबतो आणि गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केले तर आणखी वाईट. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. चार-सहा वेळा ब्रेक दाबला, की टाकीतली हवा संपत येते. स्टिअरिंगही जड होते.

आपल्या शेजारून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ मुंबईपुढे पुणे, सातारा, कोल्हापूर करीत दक्षिणेला जातो. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत या रस्त्याला मोठा उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी, रविवारी रात्री, तेथे एका ट्रकने पुढच्या कित्येक गाड्यांना धडका दिल्या. पहिली बातमी आली ती ब्रेक निकामी झाल्याचीच. नंतर पोलिसांच्या प्राथमिक चौकशीतून चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच भागात पुन्हा भीषण अपघात झाला, गाड्यांना आग लागली, माणसे मृत्युमुखी पडली. एकाच उतारावर तीच गोष्ट वारंवार घडू लागली, की ‘अचानक’ हा शब्द वापरताना आपली जीभ अडखळली पाहिजे.

झोपेचेही तसेच. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर झोप मागतेच, माणूस कितीही सराईत असो. डोळे चार सेकंद मिटले तरी ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात जवळजवळ ९० मीटर पुढे गेलेली असते आणि ते अंतर कोणीही न चालवता गेलेली असते.

याशिवाय मर्यादेपेक्षा जास्त भरलेला माल. ज्यावर दोनदा-तीनदा रबर चढवले आहे असे टायर. वळणावर एका बाजूला उसळणारे अर्धवट भरलेल्या टँकरमधले पाणी. रात्री बंद पडलेला, मागे दिवा नाही आणि रेडियमची पट्टीही नाही असा उभा ट्रक. खुणेसाठी मांडलेले आणि गाडी निघून गेल्यावर तसेच रस्त्यात राहिलेले दगड. चालकाच्या कानाशी वाजणारा मोबाईल आणि पलीकडून विचारणारा आवाज, “कुठपर्यंत आलास?”

२०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली, म्हणजे दररोज सरासरी ४६२. सरकारी अहवालात यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण नोंदलेले आहे. आकडा खरा आहे. पण त्या नोंदीत ‘वेग का वाढवला?’ असा रकाना नसतो. फेरीवर पगार होता म्हणून, उशिराचा दंड भाड्यातून कापला जाणार होता म्हणून, गोदाम आठला बंद होणार होते म्हणून, कोणा फादरला सातला सळया हव्या होत्या म्हणून!

झोपलेल्या माणसाचा दोष

येथे कोणी म्हणेल, “फादर, झोपेत माणसाचे मन कुठे जागे असते? इच्छा नसेल तर दोष कसा?” प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे, की दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला काही ग्रीक कायदेकर्ते दुप्पट शिक्षा देत. कारण नशेत त्याला समजत नव्हते हे खरे असले, तरी नशा न करणे त्याच्या हातात होते. थकलेल्या चालकालाही हेच लागू पडते. डोळे मिटले त्या क्षणी तो दोषी नाही. डोळे जड झाल्याचे कळूनही ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ असे त्याने ठरवले, तो क्षण पाहिला पाहिजे. तेव्हा तो जागा होता.

संत थॉमस अक्वायनस याने याच संदर्भात नावाड्याचे उदाहरण दिले आहे. नावाडी सुकाणू सोडून बसला आणि जहाज बुडाले, तर त्याने काही केले नाही, तरी बुडण्याचे कारण तोच ठरतो. पण थॉमस लगेच एक अट घालतो. सुकाणू धरणे त्याला शक्य असले पाहिजे आणि ते त्याचे कर्तव्य असले पाहिजे.

ही अट आपल्या प्रश्नात फार महत्त्वाची आहे. ज्या चालकाला ‘थांबलास तर उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगितले आहे, त्याला थांबणे कितपत शक्य होते? त्याच्या हातातले सुकाणू थोडेसे दुसऱ्याच्याही हातात नव्हते काय? १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. म्हणजे थकवा जीव घेतो हे आपल्याला साठ वर्षांपूर्वीच माहीत होते. माहीत असून कानाडोळा केला, तर त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

मालक घरी होता

त्या तरुणाचा मालक म्हणाला होता, “मी तर घरी होतो. गाडी तो चालवीत होता.” बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या दारात आज टँकर, टेम्पो, डम्पर उभे आहेत. शेतीवाड्या गेल्या, हा धंदा आला. तो कष्टाचा आणि प्रामाणिक धंदा आहे. म्हणूनच ‘मी घरी होतो’ हे उत्तर पुरेसे आहे का, हे आपण तपासले पाहिजे.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अचानक शिंग मारून माणूस मारला, तर मालक निर्दोष. पण बैल मारका आहे हे मालकाला आधीच सांगितलेले असूनही त्याने तो बांधला नसेल, तर मालकही दोषी. तेथे कोणी असे विचारत नाही, की मालक त्या वेळी कुठे होता. त्याला माहीत होते का आणि त्याने काय केले, एवढेच विचारले जाते. पंधरा दिवस फुटलेला आरसा हा मारका बैलच होता.

देशाचा कायदाही याच वाटेने जातो. मोटार वाहन कायद्यातील जादा भाराचे कलम गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही दोषी धरते. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा मूळ दंड २०,००० रुपये केला. पण प्रत्यक्षात हात लावायला सापडतो तो चालक. जमावाच्या तावडीत सापडतो तोही चालकच. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, त्या वेळी ते उपकलम बाजूला ठेवले गेले. जखमीला टाकून पळणे मोठे पाप आहे, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण साखळीतल्या शेवटच्या माणसालाच शिक्षा करून आपण बाकीचे मोकळे होतो, ही चालकांची तक्रारही खोटी नाही.

दुसऱ्याच्या पापात माणूस किती वाटांनी सहभागी होतो, याची यादी थॉमसने नुकसानभरपाईचा विचार करताना दिली आहे. हुकूम देऊन, सल्ला देऊन, संमती देऊन, तसेच गप्प राहून आणि अडवता येत असताना न अडवून. ती यादी वाचताना मला माझा फोन आठवला.

सगळेच दोषी, म्हणजे कोणीच नाही?

यात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. ‘व्यवस्थाच वाईट आहे’ म्हटले, की प्रत्येकाला सुटल्यासारखे वाटते. चालक मालकाकडे बोट दाखवतो, मालक व्यापाऱ्याकडे, व्यापारी गिऱ्हाइकाकडे आणि गिऱ्हाईक रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे. दोषाचे असे वाटे पडत नाहीत. पाच जणांनी मिळून जड दगड ढकलला, तर प्रत्येकाला पाचवा हिस्सा देऊन भागत नाही, कारण त्यातला एकजण हटला असता तर कदाचित दगड हललाच नसता. मालकाचा दोष दाखवल्याने चालकाचा कमी होत नाही. दारू पिऊन गाडी हाकणारा, चुकीच्या बाजूने डम्पर घालणारा चालक स्वतःच उत्तरदायी आहे.

दुसरा धोका म्हणजे सगळे देवावर टाकणे. ‘त्याची वेळ भरली होती’ असे आपण मर्तिकाच्या घरी सहज बोलतो. सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असे समजू नका, असे येशूने लोकांना बजावले. मेलेल्यांचा हिशेब मांडू नका, स्वतःचे जीवन बदला, असा त्याचा रोख होता. विधवा झालेल्या बहिणीचे सांत्वन करताना देवाचे नाव जरूर घ्यावे. पण आपण न बदललेल्या लायनरचे बिल देवाच्या नावावर फाडू नये.

मिस्सेच्या सुरुवातीला आपण विचार, शब्द आणि कृती यांनी केलेल्या पापांबरोबर जे करायला हवे होते आणि केले नाही, त्याचीही कबुली देतो. ते शब्द आपण भरभर म्हणून टाकतो. रस्त्यावरची बहुतेक पापे त्याच शेवटच्या भागात बसतात.

मग करायचे काय?

त्या तरुणाला मी काय सांगितले? मी म्हणालो, “बाळा, त्या माणसाचा पाय जावा अशी तुझी इच्छा नव्हती. देव ते जाणतो. पण आरसा फुटलेला आहे हे तुला माहीत होते, तेवढा भाग तुझा आहे, तो तू नाकारू नकोस. सगळा भाग मात्र तुझा नाही. दुसऱ्यांचे ओझे एकट्याने वाहू नकोस.” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण त्यांच्यातलं कोणी येत नाही ना फादर, वाहायला.” या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख मी त्यासाठीच लिहीत आहे.

आता तो दर पंधरा दिवसांनी त्या जखमी माणसाच्या घरी जातो. सुरुवातीला घरच्यांनी दार उघडले नाही. हल्ली पाणी देतात. कोर्टाचे जे व्हायचे ते होईल.

आपल्यापुरते काही करता येईल. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी फेरीवरचा पगार बंद करून महिन्याचा पगार द्यावा. थोडे पैसे जास्त जातील. आरसा, लायनर, टायर, मागचे दिवे यांची तक्रार आली, की दुरुस्तीपर्यंत गाडी उभी ठेवावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. जुन्या गाडीत निदान एक पंखा आणि पाय पसरायला स्वच्छ जागा असावी. माल मागवणाऱ्यांनी तारीख सांगावी, पण रात्र मागू नये. आणि रस्त्यावर जखमी दिसला तर थांबावे. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे, ‘पोलीस मागे लागतील’ ही सबब आता उरलेली नाही.

सभागृहाच्या वरच्या मजल्याचे काम पुढील महिन्यात सुरू होत आहे. ठेकेदाराशी करायच्या करारात मी तीन ओळी घातल्या आहेत. माल दिवसाउजेडी उतरवला जाईल. सळया गाडीच्या मापाबाहेर नसतील. चालकाच्या विश्रांतीमुळे उशीर झाल्यास दंड आकारला जाणार नाही. ठेकेदार हसला आणि म्हणाला, “फादर, असं कोणी लिहीत नाही.” मी म्हणालो, “म्हणूनच लिहितोय.” काम कदाचित नाताळपर्यंत पूर्ण होणार नाही. तेव्हा कृपया मला विचारू नका, की फादर, इतका उशीर का.

आपला,
प्रमुख धर्मगुरू